बी फॉर्म आणि स्ट्रक्चरल ऑडिट: उंच आणि जुन्या इमारतीत सोसायटीची कायदेशीर जबाबदारी

22 ऑगस्ट 2018 रोजी परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर आग लागली आणि चार जणांचा जीव गेला. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा बंद होती, भोगवटा प्रमाणपत्रही नव्हते. अशा घटनेनंतर सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो: हे बघायचं कुणी? बिल्डरने, महापालिकेने की कमिटीने?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 च्या कलम 3 नुसार यंत्रणा बसवणे आणि ती कायम चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. सोसायटीने कारभार हाती घेतला की व्यवहारात ती व्यवस्थापक कमिटीवर येते. अग्निशमन दल तपासणी करते, नोटीस देते. तुमचा पंप चालू ठेवणे हे त्यांचे काम नाही. बिल्डरशी वाद चालू आहे, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणे) झालेले नाही, म्हणून यंत्रणा बंद ठेवली, ही सबब अधिकाऱ्यापुढे फारशी टिकत नाही.

लागू कुणाला? राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (2016) 15 मीटर किंवा त्याहून उंच इमारत ही उंच इमारत धरली जाते. तुमच्या इमारतीत नेमके काय असायला हवे हे मंजूर नकाशा आणि अग्निशमन दलाच्या ना हरकत प्रमाणपत्रात लिहिलेले असते: रायझर (पाणी वर नेणारा उभा पाइप), होज रील (गुंडाळलेली पाण्याची नळी), स्प्रिंकलर (छतातले पाण्याचे फवारे), अलार्म, रेफ्युज एरिया (आगीत आसरा घ्यायची मोकळी जागा). ते प्रमाणपत्र सोसायटीच्या दप्तरात नसेल तर आधी बिल्डरकडे लेखी मागा. तिथून मिळाले नाही तर महापालिकेकडे प्रत मागता येते, माहिती अधिकाराचा अर्जही चालतो. हा कागद नसेल तर एजन्सी जे सांगेल ते खरे मानावे लागते.

आता बी फॉर्म. यंत्रणा बसवल्यावर परवानाधारक एजन्सी देते तो नमुना अ. त्यानंतर दरवर्षी दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र म्हणजे नमुना ब, म्हणजेच बी फॉर्म. दोन्ही फक्त महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचा परवाना असलेल्या एजन्सीनेच द्यायचे. एजन्सीच्या परवान्याची प्रत घ्या आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, ते पाहा. सोबत देखभाल कराराची प्रत, भोगवटा प्रमाणपत्र, ना हरकत प्रमाणपत्र आणि मागचा बी फॉर्म एकाच फायलीत ठेवा. फॉर्म आपल्या महापालिकेच्या अग्निशमन दलाकडे सादर करून पोच घ्यायची.

खरी गोम मात्र पुढेच आहे. बऱ्याच ठिकाणी एजन्सीचा माणूस येतो, सिलिंडरवर नवे स्टिकर लावतो, सेक्रेटरीची सही घेतो आणि जातो. फॉर्म तयार, पंप मात्र कुणी चालवलेलाच नसतो. म्हणून तपासणीच्या दिवशी कमिटीतला एक जण पंप रूममध्ये आणि एक जण गच्चीवर उभा राहू द्या. पंपाच्या पॅनेलवरचा सिलेक्टर (स्विच) ‘ऑटो’वर आहे का, हे आधी बघा. गळतीमुळे पंप सारखा चालू होतो, मग वॉचमन तो ‘मॅन्युअल’वर टाकतो आणि तसाच वर्षभर राहतो. गच्चीवरचा हायड्रंट (होज जोडायचा नळ) उघडला की दाब पडून आधी जॉकी पंप (पाइपमधला दाब राखणारा छोटा पंप) आणि मग मुख्य पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. तिथला दाब साधारण 3.5 किलो प्रति चौरस सेंटिमीटर मिळायला हवा. जाता जाता होज बॉक्सही उघडा. पितळी नोझल जागेवर असतीलच असे नाही. रेफ्युज एरियात कुणाचे जुने कपाट नाही ना, इलेक्ट्रिक डक्टमध्ये रद्दी आणि सायकली नाहीत ना, हेही त्याच फेरीत पाहून होते. आणि सदस्याच्या कपाटावरून वाईटपणा घ्यायची तयारी ठेवा.

दिलेल्या नोटिशीचे पालन झाले नाही तर वीज-पाणी तोडण्यापर्यंत कारवाई जाऊ शकते. कायदा मोडल्यास सहा महिने ते तीन वर्षे सक्तमजुरी आणि 20,000 ते 50,000 रुपये दंडाची तरतूद कलम 36 मध्ये आहे.

इमारत जुनी असेल तर दुसरी जबाबदारी: स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी. मुंबईत महापालिका अधिनियमाच्या कलम 353ब नुसार, इमारतीच्या वापराला 30 वर्षे झाली की वर्षभरात महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून प्रमाणपत्र सादर करायचे, पुढे दर दहा वर्षांनी. इतर महापालिकांत हेच कलम 265अ खाली येते. सोसायटीचे आदर्श उपविधी (बायलॉज) याहून कडक आहेत: 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा, 30 वर्षांवरच्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा ऑडिट. इंजिनिअरला मंजूर नकाशे, पूर्वीच्या दुरुस्तीचे तपशील आणि फ्लॅटमधल्या अंतर्गत बदलांची माहिती लागते. फक्त फोटो काढून दिलेला अहवाल घेऊ नका. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, कार्बोनेशन या काँक्रीटच्या चाचण्यांचे आकडे त्यात असायला हवेत.

अहवालावरून मुंबईत इमारतीचे वर्ग पडतात. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-2ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-2बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-3 किरकोळ. पुनर्विकास हवा असलेल्यांचा अहवाल सी-1 आणि नको असलेल्यांचा सी-2, हे चित्र नवे नाही. दोन अहवालांत असा विरोध असला की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. आपला अहवाल तिथे टिकवायचा असेल तर चाचण्यांचे मूळ आकडे आणि कोअर (काँक्रीटचे कापून काढलेले नमुने) कुठून काढले त्याच्या खुणा असलेला नकाशा जपून ठेवा.

पैशाचे म्हणाल तर दुरुस्ती निधीसाठी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंडासाठी (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव शिल्लक) किमान 0.25 टक्के वर्गणी उपविधींतच सांगितलेली आहे. ऑडिट आणि पंपाच्या दुरुस्तीचा ठराव सर्वसाधारण सभेत आधीच घेऊन ठेवला तर ऐन जुलैत कोटेशनवरून भांडणे होत नाहीत.