पार्श्वभूमी : एंकातले मच्छीमार आले कुठून?

एंका, म्हणजे जपानची भावुक गाण्यांची शैली, म्हटलं की किमोनो, थरथरता आवाज आणि बंदरातला पाऊस डोळ्यांसमोर येतो. मूळ शब्दात मात्र समुद्राचा थेंबही नाही. 1880च्या दशकात जपान सरकारने नागरी हक्कांच्या चळवळीतल्या भाषणांची मुस्कटदाबी केली, तेव्हा कार्यकर्ते भाषणंच गाऊ लागले. ‘एन्झेत्सु’ म्हणजे भाषण, त्यावरून एंका. आजचं रडवं एंका घडलं 1960च्या दशकात.

मच्छिमारांचं गाणं तोवर दुसरीकडेच चालू होतं, जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाच्या किनाऱ्यावर. वसंतात हेरिंग या माशांचे थवे तिथे अंडी घालायला येत. 1897 साली सुमारे 9 लाख 70 हजार टन हेरिंग निघालं. एवढं खाणार कोण? बहुतेक मासळी उकळून, तेल पिळून तिची पेंड करत आणि ती कापसा-निळीच्या शेतांना खत म्हणून जाई. राबायला जपानचं मुख्य बेट होन्शूच्या ईशान्य भागातून हंगामी मजूर येत. त्यांना ‘यान्शू’ म्हणत. जाळ्यातली मासळी उपसताना सगळ्यांचे हात एका ठेक्यात पडावेत म्हणून ते गात ती ‘सोरान बुशी’. 1950च्या दशकाच्या मध्यावर हेरिंग यायचंच थांबलं.

आणि 1962मध्ये एंका गायक किताजिमा साबुरोंचं ‘नामिदा-बुने’, म्हणजे आसवांची होडी, गाजलं. त्यातला गडी यान्शूच! धंदा बसल्यावर गाणं आलं. गीतकार होशिनो तेत्सुरो मात्र खारं पाणी प्यायलेले: मासेमारी कंपनीच्या बोटीवर होते, आजारपणाने किनाऱ्याला लागले.

1977मध्ये सोव्हिएत संघ आणि अमेरिकेने आपापल्या किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांची मासेमारीची हद्द आखली. दूरवर जाणाऱ्या जपानी बोटींचं पाणी आटलं. पाचच वर्षांनी, 1982मध्ये, होशिनोंच्याच शब्दांचं ‘क्योदाई-बुने’ आलं. बापामागे उरलेली होडी, तिच्यावर दोघे भाऊ आणि दोघांचंही मन एकाच मुलीवर. गायक तोबा इचिरो स्वतः खोल समुद्रातल्या मासेमारी बोटीवर राबलेले, आई बुड्या मारून शिंपले काढणारी ‘आमा’.

मला विचाराल तर सगळ्यांत खरं गाणं गायिका याशिरो आकींचं, 1979चं ‘फुनाउता’. नाव ‘नावेचं गाणं’, पण माणूस नावेत नाहीच. तो दारूच्या साध्याशा दुकानात बसलाय. साके कोमट हवी, सोबत भाजलेला माकूळ, खिडकीतून बंदर दिसलं आणि अधूनमधून धुक्यातला भोंगा वाजला की झालं.