केडगावची बाग आणि 'फळ देणं'

चर्चमध्ये "फळ द्या, फळ द्या" इतकं कानावर पडतं की ते फक्त उपदेशातलं वाक्य वाटायला लागतं. पण पंडिता रमाबाईंच्या केडगावात सुरुवात खरोखरच्या फळझाडांपासून झाली, आणि त्यामागे कारण होतं सरळसरळ पैशाचं.

झालं असं की 1887 ला बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन निघाली आणि त्या लोकांनी रमाबाईंच्या कामाचा 10 वर्षं खर्च उचलायचं कबूल केलं, त्या भरवशावर 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन, म्हणजे विधवा मुलींसाठी शाळा आणि वसतिगृह, उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. आता 10 वर्षं काय, बघता बघता जातात, मग पुढे मुलींच्या पोटाचं काय? म्हणून बाईंनी पुणे-सोलापूर रेल्वेलाइनवर केडगावला जमीन घेऊन फळझाडं लावली, बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं म्हणून. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायात येशू वेल आणि आपण फळ देणारे फाटे, पण इथे माळीकाम खरंच अंगावर आलेलं.

हा हिशेब होता छोट्याशा सदनाचा. 1896-97 चा दुष्काळ पडला, बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या, त्यात पुण्यात प्लेग, मग सगळा पसारा केडगावच्या शेतावर आणि तिथेच मुक्ती मिशन उभं राहिलं. तोंडं शेकड्यांनी वाढली, एकटी बाग कुठे पुरणार! शेती, विणकाम, शिवण, तेलघाणा, गाईगुरं, प्रत्येकीच्या हाताला काहीतरी काम, आणि ज्यांना दिसत नव्हतं त्यांना रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकवायची. मला विचाराल तर बाकीच्यांच्या नुसत्या दानधर्मापेक्षा हे वेगळं होतं ते इथेच.

छापखान्याचं तर विशेषच. बाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं साध्या मराठीत भाषांतर हाती घेतलं, आणि छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायला मुक्तीतल्याच बायका-मुली. मराठीचे खिळे जुळवणं म्हणजे चेष्टा नाही, काना-मात्रा-वेलांटी-जोडाक्षरं, आणि एक खिळा चुकला की शब्दच बदलतो. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, छापलेलं पूर्ण बायबल बाहेर आलं 1924 ला.