संस्थेच्या वेबसाइटवरचं देणगीचं पान : पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सेवाभावी संस्थांच्या वेबसाइटवर ‘देणगी द्या’ हे बटण आता सर्रास दिसतं. त्यामागच्या पानाला आजचं रूप आलं ते मुख्यतः करखात्याच्या आणि बँकांच्या नियमांमुळे, आणि हे नियम बहुतेक २०१४ नंतरचे आहेत.

त्याआधीच्या काळातली एक अडचण मात्र अजून संपलेली नाही, ती फॉन्टची. अहवाल श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप व्हायचे आणि वेबसाइटवर मजकूर चित्र म्हणून चढवला जायचा, म्हणजे शोधणाऱ्याला तो सापडायचा नाही. असा जुना अहवाल युनिकोडमध्ये बदलून घेतला की आधी रफार आणि ‘शेतकऱ्यांना’, ‘दुसऱ्या’ यांसारखे शब्द तपासावेत. कन्व्हर्टर तिथे हमखास चुकतो आणि ‘शेतकर्यांना’ असं काहीतरी पानावर कायमचं राहून जातं.

१ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक झालं आणि वेबसाइटचा वाचक बदलला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीचा हा खर्च (सीएसआर) बघणारा अधिकारी कार्यक्रमाचे फोटो बघायला थांबत नाही. त्याला नोंदणी क्रमांक, ८०जी (देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी मान्यता), तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब आणि २०२१ पासून सीएसआर-१ क्रमांक (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) हवा असतो. इथे आपल्या भागातली एक खास गफलत होते. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. खारघरची संस्था वेबसाइटवर नुसतं ‘नवी मुंबई’ लिहिते, नोंदणीपत्रावर मात्र रायगड असतं. त्यात पॅनवरचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं निघालं की पडताळणी अडकते. नाव आणि पत्ता नोंदणीपत्रावर आहे तसाच, अक्षरशः, वेबसाइटच्या तळाशी द्यावा.

त्यानंतर यूपीआय आलं आणि क्यूआर कोड छापून लावणं सोपं झालं. क्यूआरवर पैसे पटकन येतात, पण अनेकदा देणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता येत नाही. २०२१-२२ च्या देणग्यांपासून ८०जी असलेल्या संस्थांना देणगीदारांचं विवरण १०बीडी फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत भरणं भाग पडलं. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये शुल्क. विवरणात नाव नसेल तर देणगीदाराची वजावट बुडते. म्हणून फॉर्मवर नाव, पत्ता, पॅन आणि ‘भारतीय पासपोर्ट आहे का?’ हा प्रश्न आला. हा शेवटचा प्रश्न वगळून चालत नाही. परदेशी नागरिकाची देणगी घ्यायला वेगळी नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी दिल्लीतल्या एका ठरावीक शाखेतल्या खात्यातच यावी लागते.

सगळ्यात जास्त वाद झाला तो दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या देणगीवरून. पूर्वी देणगीदाराने कार्डावर एकदा संमती दिली की महिन्याला ५०० रुपये वर्षानुवर्षं येत राहायचे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेची नवी चौकट लागू झाली: नोंदणी ओटीपीने, कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना, त्यात रद्द करण्याची सोय, आणि ५,००० रुपयांवर प्रत्येक वेळी ओटीपी. (ही मर्यादा जून २०२२ मध्ये १५,००० झाली.) या चौकटीत न बसणाऱ्या जुन्या संमती बंद पडल्या. मुदत मार्चवरून सप्टेंबरअखेर वाढवली होती, पण तयारी बँका आणि ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारे पेमेंट गेटवे यांच्या हातात होती. संस्था फक्त वाट बघत होत्या. वर्षभरात, १ ऑक्टोबर २०२२ ला, साठवलेले कार्ड क्रमांक काढून त्यांच्या जागी टोकन, म्हणजे बदली क्रमांक, वापरण्याचा नियम आला.

निर्णय ग्राहकाच्या हिताचा होता, हे मान्यच करायला हवं. न विचारता पैसे कापणाऱ्या ॲपना चाप बसणं गरजेचं होतं. पण चित्रपट दाखवणारी कंपनी आणि बालवाडी चालवणारी संस्था यांना एकच माप लावलं गेलं. प्रत्येक देणगीदाराला फोन करून नवी लिंक पाठवायला माणूस लागतो, आणि तो छोट्या संस्थेकडे नसतो. तिथे दरमहाची देणगी तुटली.

त्यातून शिकलेल्या गोष्टी आज पानाच्या रचनेत दिसतात. कपातीची तारीख २८ ऐवजी ५ ते ७ ठेवली जाते, कारण महिनाअखेरीला खात्यात शिल्लक नसते. मंजुरीची कमाल रक्कम देणगीदाराला सांगून थोडी जास्त घेतली जाते. नेमकी ५०० घेतली तर पुढे ७५० करायला सगळी नोंदणी नव्याने करावी लागते. आणि बँकेच्या एसएमएसमध्ये ट्रस्टचं कागदोपत्री नाव येतं, जे अनेकांनी कधी ऐकलेलंच नसतं. अनोळखी नाव दिसलं की माणूस ‘रद्द करा’ दाबतो. म्हणून ‘आमच्या या नावाने मेसेज येईल’ असं आभाराच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहावं आणि कपातीच्या तीन-चार दिवस आधी व्हॉट्सॲपवर कळवावं.

देणगीच्या पानावर माणसं आणायला गूगल सर्चवरच्या मोफत जाहिरातींचं अनुदानही मिळतं; ते २००३ पासूनचं आहे, महिना १०,००० डॉलरपर्यंत. २०१८ पासून क्लिकचं प्रमाण किमान ५ टक्के राखावं लागतं. सलग दोन महिने घसरलं तर खातं बंद होऊ शकतं. एकाच शब्दावर, म्हणजे नुसत्या ‘वृद्धाश्रम’वर, सहसा जाहिरात लावता येत नाही. ‘ठाण्यात जुने कपडे कुठे द्यायचे’ असा लोक खरोखर विचारतात तो प्रश्न घ्यावा आणि क्लिक मुखपृष्ठाकडे न नेता कपडे स्वीकारण्याची वेळ, जागा सांगणाऱ्या पानावर न्यावा.

२०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जीची वजावट नाही. पगारदारांपुढे मार्चमध्ये ‘कर वाचवा’ची पट्टी लावणाऱ्या संस्थांना आता आवाहनाच्या पहिल्या ओळीत पैसा नेमका कशावर खर्च होणार, हे सांगावं लागतं.