तवा बिडाचा, हिशेब अणूंचा

बिडाच्या तव्यांना पुन्हा भाव आला आहे आणि त्यांच्या जाहिरातींत ‘लोखंड उष्णता जास्त धरते’ हे वाक्य हमखास असते. शाळेत शिकलेली विशिष्ट उष्माधारकता पाहिली तर प्रकार उलटा आहे. एक किलो लोखंड एका अंशाने तापायला सुमारे ४५० ज्यूल लागतात, एक किलो ॲल्युमिनियमला ९००. पाण्याला तर जवळजवळ ४,२००.

मग डोसा बिडावर चांगला का होतो? समजा बिडाचा तवा दोन किलोचा आहे आणि ॲल्युमिनियमचा अर्ध्या किलोचा. वस्तुमानाने गुणले की पहिल्याला अंशामागे ९०० ज्यूल, दुसऱ्याला ४५०. सारख्याच तापलेल्या तव्यांवर गार पीठ पडले की जड तवा कमी निवतो. श्रेय वजनाचे. अमक्या धातूची उष्णता ‘सात्त्विक’ असते म्हणणाऱ्यांनी ती ज्यूलमध्ये मोजून दाखवावी.

पण लोखंडाला ४५० आणि शिशाला फक्त १३० का? १८१९ साली द्यूलाँ आणि पेती या फ्रेंच शास्त्रज्ञांना यातली मेख सापडली. उष्णतेचा हिशेब एसटीच्या तिकिटासारखा माणशी असतो, वजनावर नाही. घन पदार्थातला प्रत्येक अणू जागच्या जागी थरथरतो आणि ठरावीक तापमानाला प्रत्येकाच्या वाट्याला साधारण तेवढीच ऊर्जा येते, मग तो हलका असो वा जड. शिशाचा अणू ॲल्युमिनियमच्या अणूपेक्षा साडेसात पट जड, म्हणून एक किलो शिशात अणू तितकेच कमी आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात कमी. विशिष्ट उष्माधारकता किलोऐवजी ग्रॅममागे घ्या आणि तिला अणुभाराने गुणून पाहा: तांबे, चांदी, सोने, लोखंड, सगळ्यांचे उत्तर मोलमागे, म्हणजे अणूंच्या एका ठरावीक संख्येमागे, २५ ज्यूलच्या आसपास येते.

हिरा मात्र हा नियम पाळत नाही. त्याचे उत्तर येते जेमतेम ६. कार्बनचे अणू हलके, त्यांचे बंध अतिशय ताठ, त्यामुळे कंपनांची वारंवारता प्रचंड. १९०७ मध्ये आइन्स्टाइनने दाखवले, की कंपनाला ऊर्जा सुटी मिळत नाही, ठरावीक पुंजातच घ्यावी लागते आणि पुंज वारंवारतेबरोबर मोठा होत जातो. खोलीच्या तापमानाला हिऱ्यातल्या बहुतेक कंपनांना एक पुंजही परवडत नाही. हिरा हजार अंशांपर्यंत तापवला, की त्याचाही आकडा २५ च्या जवळ सरकतो.