पादत्राणे व पायांविषयीच्या लोकसमजुती (ग्रामीण आयर्लंड)

आयर्लंडच्या खेड्यांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुले उन्हाळाभर अनवाणी हिंडत. मोठी माणसेही जोडे जपून वापरत. रविवारच्या मिस्साला निघालेल्या बायका जोडे हातात घेऊन चालत आणि चर्च जवळ आले की मगच पायात घालत. आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९३७–३९ मध्ये शाळकरी मुलांकडून गावोगावच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घेतल्या, त्यांत ‘पायांची निगा’ हा एक स्वतंत्र विषयच होता.

गॅलवे उपसागराच्या तोंडावरील आरन बेटांवर ‘पॅम्पूटी’ नावाचे जोडे वापरत. न कमावलेल्या गाईच्या कातड्याचा तुकडा, केसांची बाजू बाहेर, मासेमारीच्या दोरीने पायाभोवती आवळलेला, टाच नाहीच. कातडे वाळले की पायाला कापते, म्हणून रात्री हे जोडे पाण्यात ठेवत आणि दिवसाही माणसे मुद्दाम लाटांत पाय भिजवून घेत. १८९८ मध्ये प्रथम तेथे गेलेले नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग यांचे शहरी बूट खडकांनी फाटले, तेव्हा बेटवासीयांनी त्यांनाही पॅम्पूटी करून दिली. टाचेवर भार देण्याची सवय मात्र त्यांना मोडावी लागली.

समजुतींत सर्वांत ठळक आहे ती पाय धुतलेल्या पाण्याची. हे पाणी रात्री घरात राहू द्यायचे नाही. राहिले, तर बाहेरच्या पऱ्या त्यालाच हाक मारतात आणि ते उठून दार उघडते. (या पऱ्या म्हणजे पंखवाल्या नाजूक बाहुल्या नव्हेत; टेकड्यांच्या पोटात राहणारी ही जमात खोडसाळ आणि प्रसंगी घातक.) शिंगवाल्या चेटकिणींच्या प्रसिद्ध कथेत गृहिणी हेच पाणी उंबऱ्याबाहेर शिंपडते. चेटकिणी परत येऊन त्याला दार उघडायला सांगतात, तर ‘मी जमिनीवर सांडलो आहे’ म्हणून ते हतबल होते. स्वच्छतेचा नियम भीतीत गुंडाळला, एवढ्यावर हे उलगडत नाही; घरात फितूर होणारे पाणी बाहेर निरुपद्रवी ठरते, ते उंबऱ्यामुळे.

जमिनीचेही भय होते. ‘भुलीच्या ढेकळा’वर पाय पडला की ओळखीच्या शेतातही वाट सापडत नाही, उपाय म्हणजे कोट उलटा करून घालणे. ‘भुकेल्या गवता’वर पाऊल पडल्यास एकाएकी गळाठा येतो, म्हणून खिशात ओटच्या भाकरीचा तुकडा ठेवत.

अनवाणी चालणे आता प्रामुख्याने व्रत म्हणून उरले आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी मेयो परगण्यातील ७६४ मीटर उंचीचा क्रोक पॅट्रिक डोंगर काही भाविक तसेच चढतात. डनिगॉल परगण्यातील लॉक डर्ग या सरोवरातल्या बेटाच्या तीन दिवसांच्या यात्रेत तर तेथे पोचताच जोडे काढावेच लागतात.