होस्ट ‘आयसोलेटेड’ की ‘पार्टिशन्ड’? व्हीस्फिअर एचएमध्ये तपास कुठून सुरू करायचा

व्हीएमवेअरच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या (होस्टच्या) गटात, एचए (हाय अव्हेलेबिलिटी) ही सोय बंद पडलेल्या होस्टवरचे व्हीएम (व्हर्च्युअल मशिन) दुसऱ्या होस्टवर सुरू करते. होस्टना जोडणारं मॅनेजमेंट नेटवर्क तुटलं की व्हीसेंटर हे नियंत्रणाचं सॉफ्टवेअर एखाद्या होस्टला कधी ‘आयसोलेटेड’ म्हणतं, कधी ‘पार्टिशन्ड’. दोन्हींत होस्ट जिवंत असतो, बाकीच्यांवर लक्ष ठेवणाऱ्या मास्टर होस्टपर्यंत पोहोचत मात्र नाही. म्हणून अनेक जण दोन्हींवर एकच इलाज करतात, आणि व्हीएम नाहक बंद पडतात.

मास्टर आणि बाकीचे होस्ट दर सेकंदाला एकमेकांना हार्टबीट, म्हणजे ‘मी चालू आहे’ असा संदेश, पाठवतात. ते थांबले की मास्टर शेअर्ड डेटास्टोअरवर (सगळ्या होस्टच्या सामाईक स्टोरेजवर) त्या होस्टची धुगधुगी शोधतो. तिथेही काही नाही आणि पिंगलाही उत्तर नाही, तर होस्ट गेला असं धरून त्याचे व्हीएम दुसरीकडे सुरू होतात. डेटास्टोअरवर हार्टबीट दिसला, तर मात्र प्रश्न उरतो: होस्ट एकटा पडलाय की वेगळ्या गटात गेलाय?

याचं उत्तर तो होस्ट स्वतः ठरवतो. दुसऱ्या कुठल्याही होस्टचा संदेश येत नाही आणि आयसोलेशन अ‍ॅड्रेसही पिंगला उत्तर देत नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच तो आयसोलेटेड. हा अ‍ॅड्रेस मुद्दाम बदलला नसेल तर मॅनेजमेंट नेटवर्कचा डिफॉल्ट गेटवे असतो. मास्टर नसलेला होस्ट साधारण ३० सेकंदांत स्वतःला आयसोलेटेड जाहीर करतो, आणि आणखी ३० सेकंदांनी आयसोलेशन रिस्पॉन्स लागू होतो, म्हणजे व्हीएम चालू ठेवायचे, ‘शट डाउन’ करायचे की ‘पॉवर ऑफ’, हे आधी निवडलेलं पाऊल.

पार्टिशनमध्ये तुटलेले होस्ट आपला वेगळा मास्टर निवडतात आणि आयसोलेशन रिस्पॉन्स लागूच होत नाही. सगळ्यात फसवा प्रकार इथेच आहे. होस्ट अगदी एकटा असला, तरी गेटवे पिंग होत असेल तर तो पार्टिशन्डच. ‘पॉवर ऑफ’ निवडलं होतं, मग व्हीएम का हलले नाहीत, या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं.

म्हणून आधी त्या होस्टवरून व्हीएमकेपिंगने (होस्टवरच्या पिंग कमांडने) गेटवे आणि शेजारचे होस्ट तपासा. गेटवे मिळतो पण होस्ट मिळत नाहीत, तर व्हीलॅन (नेटवर्कचे आतले विभाग), दोन स्विचमधली लिंक किंवा फायरवॉलवर ८१८२ पोर्ट बंद आहे का ते बघा. काहीच मिळत नसेल तर केबल, नेटवर्क कार्ड आणि स्विचपोर्ट. होस्टचे दोन्ही अपलिंक (स्विचकडे जाणाऱ्या जोडण्या) एकाच स्विचला जोडलेले आढळले, तर कारण बहुधा सापडलंच. गेटवे पिंगला उत्तर देत नसेल, तर कायम उत्तर देणारा दुसरा अ‍ॅड्रेस नेमा. नाहीतर पार्टिशनच्या जागी आयसोलेशन होईल.

आयसोलेशन रिस्पॉन्स कोणता, ते स्टोरेज बघून ठरवा. फायबर चॅनल (स्टोरेजचं वेगळं नेटवर्क) असेल तर नेटवर्क गेलं तरी डिस्क शाबूत असते. व्हीएम चालू ठेवणंच बरं. आयएससीएसआय किंवा एनएफएस (साध्या नेटवर्कवरून चालणारं स्टोरेज) त्याच स्विचवर असेल, तर व्हीएमची डिस्कच जाते आणि तोच व्हीएम दुसऱ्या होस्टवर सुरू होऊ शकतो, म्हणजे एकाच व्हीएमच्या दोन प्रती. तिथे ‘पॉवर ऑफ’ हवं. डिस्कच हाताशी नसताना ‘शट डाउन’ नीट पुरं होईल, ही अपेक्षा ठेवू नका.