जपानी व्हीगन पॉप-अपची पार्श्वभूमी: मठाची चूल आणि एदोची गाडी

एक-दोन रात्रींच्या पॉप-अपसाठी (तात्पुरत्या खानावळीसाठी) जपानी धाटणीचा व्हीगन मेनू आखायला बसले की पहिला अडसर येतो तो माशाचा. ताटात तो दिसत नाही, पण रसात असतो. मिसोचे (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचे) सूप असो, सोबाबरोबरचा (कुट्टूच्या शेवयांबरोबरचा) रस असो की मंद शिजवलेल्या भाज्या, सगळ्यांच्या बुडाशी दाशी, म्हणजे पातळ रस, असते आणि ती बहुधा कात्सुओबुशीची, म्हणजे शिजवून, धुरी देऊन वाळवलेल्या माशाच्या पातळ किसाची. बिनमाशाची दाशी मात्र आजची तडजोड नव्हे. बौद्ध मठांनी ती कित्येक शतके रोज केली आहे.

इ.स. 675 मध्ये सम्राट तेम्मु याने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली. ती वर्षातल्या काही महिन्यांपुरती होती आणि मासे तिच्याबाहेर होते. त्यामुळे घरोघरचे जेवण शाकाहारी झाले नाही. माशाचे महत्त्व टिकून राहिले. वनस्पतीजन्य अन्नाचा कडक नियम मठांनी पाळला. या शोजिन परंपरेत मांस-मासे तर नाहीतच, शिवाय कांदा-लसणासारख्या पाच उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य. झेन गुरू दोगेन 1227 मध्ये चीनहून परतले आणि 1237 मध्ये त्यांनी मठाच्या आचाऱ्यासाठी ‘तेन्झो क्योकुन’ लिहिले. तांदूळ धुताना खडे कसे पाहावेत, इथपर्यंतच्या सूचना त्यात आहेत. पुढे 1654 मध्ये चिनी भिक्षू इंगेन जपानला आले. त्यांच्या ओबाकु पंथाने मोठ्या थाळीतून वाटून खाण्याची आणि तेलाचा सढळ वापर करण्याची फुचा पद्धत रुजवली. टोफू आणि नोरीपासून (वाळवलेल्या समुद्रशेवाळाच्या पातळ पापडीपासून) ईल माशासारखा दिसणारा पदार्थही याच वळणाचा.

कांदा-लसूण नाही, मासा नाही, मग चवीला खोली आणायची कशी? मठांचे उत्तर होते कोम्बु (वाळवलेल्या समुद्रशेवाळाच्या जाड पट्ट्या) आणि वाळलेले शिताके (एक प्रकारचे मशरूम). त्यामागचे रसायन फार उशिरा कळले. 1908 मध्ये किकुनाए इकेदा यांनी कोम्बुतला चवीचा घटक, ग्लुटामेट, वेगळा केला. शिताकेतला तसाच घटक, ग्वानिलेट, 1957 च्या सुमारास अकिरा कुनिनाका यांच्या कामातून पुढे आला. हे दोन एकत्र आले की उमामी (रसाळ, खोल चव) नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कित्येक पटींनी वाढते. म्हणून एकट्या कोम्बुची दाशी फिकी लागली तर मीठ वाढवू नका, शिताके घाला.

1 लिटर पाण्याला 10 ग्रॅम कोम्बु आणि 10 ग्रॅम शिताके, वेगवेगळ्या भांड्यांत, फ्रिजमध्ये रात्रभर. कोम्बुवरची पांढरी पूड धुऊ नका, फक्त फडक्याने धूळ पुसा. दुसऱ्या दिवशी कोम्बुचे पाणी मंद आचेवर ठेवा आणि उकळी फुटण्याआधी पट्टी काढा. उकळली तर रस बुळबुळीत आणि कडवट होतो. शिताके घाईने कोमट पाण्यात भिजवू नयेत, कारण त्या तापमानाला चवीचा घटक मोडणारी विकरे जोरात काम करतात. गार पाण्यात भिजवून मगच तापवावे.

मठाच्या स्वयंपाकाची खरी परीक्षा गोमा-दोफुत होते. नावात टोफू असला तरी त्यात सोयाबीन नसते. 60 ग्रॅम कुझू (एका वेलीच्या मुळातले पिष्ट), 60 ग्रॅम पांढऱ्या तिळाची मऊ पेस्ट आणि 500 मिलि गार कोम्बु दाशी एकत्र कालवून गाळून घ्या. मध्यम आचेवर काही वेळ काहीच घडत नाही, मग तळाशी एकाएकी गुठळ्या धरतात. तिथे घाबरून गॅस बंद केला की पदार्थ बिघडलाच. आच मंद करून लाकडी डावाने 15-20 मिनिटे घोटत राहा, मिश्रण चकचकीत होऊन ताणले जाईपर्यंत. आधी उतरवले तर पीठूळ लागते आणि कापताना ढासळते. ओल्या साच्यात ओतून बर्फाच्या पाण्यात गार करा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यास पिष्ट आखडून वडी कडक होते, म्हणून आदल्या दिवशी करून ठेवण्याचा हा पदार्थ नव्हे.

पॉप-अपच्या बांधणीला दुसरा धागा आहे एदोतल्या (आजच्या टोकियोतल्या) रस्त्यावरच्या गाड्यांचा. 1657 च्या भीषण आगीनंतर शहर पुन्हा उभारायला आलेल्या मजुरांमुळे तयार खाण्याची मागणी वाढली. सोबा, तेंपुरा (पिठात बुडवून तळलेले पदार्थ), पुढे सुशी, असे एका गाडीवर एक-दोनच पदार्थ विकले जात. उसन्या स्वयंपाकघरात आजही हाच हिशेब योग्य ठरतो: दाशी आदल्या रात्री भिजत घालायची, गोमा-दोफु सकाळी, आणि ऐनवेळी फक्त तळण. मठातल्या भाज्यांच्या तळणाला अंडे लागत नाही. 100 ग्रॅम मैदा, 20 ग्रॅम कॉर्नफ्लॉर, 160 मिलि बर्फगार पाणी आणि 170 अंशांचे तेल पुरते. पीठ फार फेटले तर ग्लुटेन तयार होऊन आवरण चिवट होते. थोडे कोरडे पीठ दिसत राहिले तरी चालेल.

तयार मालाची लेबले मात्र एकेक करून वाचावीत. ‘दाशी मिसो’, सोबाचा तयार रस, पोन्झु (लिंबूवर्गीय रसाचा आंबट सॉस) आणि फुरिकाके (भातावर भुरभुरायचे कोरडे मिश्रण) यांत कात्सुओबुशी सर्रास असते. साधा मिसो आणि साधा सोया सॉस बहुधा चालतो, पण तांदळाबरोबर येणारे तयार ‘मसाला मिश्रण’ किंवा सुशीचे व्हिनेगर घेताना त्यात माशाचा अर्क नाही ना, हे पाहूनच विकत घ्यावे.